परदेशवारीहून परतलेला पशुरुग्णालयातला कर्मचारी: किती दिवस आणि कुठल्या जनावरांपासून लांब?

कासरा (धागाकर्ता)
लहान-मोठी सगळी जनावरं येतात अशा रुग्णालयासाठी नियम लिहायला घेतला आहे. एका अंगाला कुत्री-मांजरं, दुसऱ्या अंगाला गाई-म्हशी, शेळ्या आणि डुकरं, घोड्यांचा वॉर्ड वेगळा. सगळ्या कर्मचाऱ्यांचा चहा मात्र एकाच खोलीत.

कर्मचारी परदेशी जातात. कुणी परिषदेला, कुणी नातेवाइकांकडे, कुणी नुसतंच फिरायला. परत आल्यावर काय करायचं? मसुद्यात सध्या 'सरसकट १४ दिवस रुग्णालयात प्रवेश नाही' असं वाक्य आहे आणि ते मला पटत नाही. हॉटेलात बसून व्याख्यानं ऐकून आलेला आणि डुकरांच्या फार्मवर रक्ताचे नमुने घेऊन आलेला, दोघांना एकच माप? आणि मुळात १४ हा आकडा आला कुठून?

किती दिवस, कुठल्या जनावरांपासून, आणि बूट, कपडे, स्टेथो, फोन यांचं काय, असं नेमकं लिहा. 'योग्य ती काळजी घ्यावी' छापाचे प्रतिसाद नकोत, तसली वाक्यं मसुद्यात आधीच भरपूर आहेत.

प्रयोगशाळेतली पाल
१४ चा उगम सांगते. लाळ्या-खुरकूत हा गाई-म्हशी, शेळ्या, डुकरं अशा दोन खुरांच्या जनावरांचा विषाणूजन्य रोग. त्याचा जनावरातला अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, साधारण २ ते १४ दिवस. कुणीतरी तोच आकडा उचलून माणसाला लावला. पण माणसाला हा रोग जवळपास होतच नाही. तो विषाणू अंगावर, कपड्यांवर, बुटांवर वाहून आणतो, आणि थोडा वेळ नाकात. त्यामुळे माणसासाठी अधिशयन काळ बघायचा नाही, विषाणू त्याच्यासोबत किती वेळ टिकतो ते बघायचं.

नाकाबद्दलचं मूळ काम १९७० च्या सुमाराचं, ब्रिटनमधलं. आजारी जनावरांजवळ काम केलेल्या माणसांच्या नाकातून २८ तासांपर्यंत विषाणू मिळाला होता. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की अंघोळ करून पूर्ण कपडे बदलले तर माणसाकडून निरोगी जनावराला रोग जाण्याची शक्यता फार कमी होते. २८ तासांवर भरपूर माया धरून बऱ्याच पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि प्रयोगशाळांनी ५ दिवस ठरवले आहेत. ऑस्ट्रेलियात ७ दिवस सांगतात. दोन्ही चालतील. १४ ला शास्त्रीय आधार नाही.

उगाच_एक
म्हणजे नाक घरी ठेवून आलं तर दुसऱ्याच दिवशी कामावर?

प्रयोगशाळेतली पाल
हसू नका, तेही करून बघितलंय लोकांनी. नाक शिंकरून आणि नाकपुड्या धुवूनही विषाणू पूर्ण गेला नाही. साध्या कापडी मास्कनेही तो आत जायचा पूर्ण थांबला नाही. म्हणूनच उपाय एकच, वेळ जाऊ द्यायचा.

नियमावळी
कासरा, सरसकट १४ काढून टाका, पण ५ लिहिताना एक गोष्ट स्पष्ट लिहा: हे ५ दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजायचे, विमान उतरल्यापासून नव्हे. १ तारखेला गोठ्यात गेला, मग शहरात फिरून ९ ला परतला, तर त्याचे ५ दिवस तिकडेच संपले. उलट जो विमानतळाला जाता जाता वाटेत मित्राच्या शेळ्या बघून आला, त्याचे उतरल्यावर जवळपास सगळे शिल्लक. उतरण्याच्या तारखेवरून मोजणाऱ्या नियमात पहिला उगाच अडकतो. आणि 'परदेशात राहिलेले दिवसही धरू' अशी सूट देणाऱ्या नियमात दुसरा सुटतो.

अर्जात तारखेबरोबर वेळही विचारा. मध्ये वेळेचा पट्टा बदलतो, त्यामुळे 'मंगळवार' या शब्दाला अर्थ राहत नाही. सोपा उपाय म्हणजे १२० तास धरायचे.

मांजरमुखी
अर्जातला प्रश्नही नीट लिहा. 'तुम्ही फार्मवर गेला होतात का?' याला नव्वद टक्के लोक 'नाही' म्हणतील आणि खोटंही बोलत नसतील. हत्तींना केळी भरवायच्या जागा, मुलांना शेळ्यांची पिल्लं हाताळू देणारी उद्यानं, आठवडी बाजार, डोंगरवाटेवर रस्ता अडवून बसलेल्या म्हशी, यातलं काहीच त्यांच्या लेखी 'फार्म' नसतं. आशियाई हत्तीलाही लाळ्या-खुरकूत होतो. ऑस्ट्रेलियाच्या प्रवेश-कार्डावर फार्म, शेतातली जनावरं, रानवटा, गोड्या पाण्याचे ओढे-तलाव असं सगळं नाव घेऊन विचारतात, तेही मागच्या ३० दिवसांतलं. अमेरिकेच्या फॉर्मवर जनावरांना हात लावला का, जवळ गेलात का, असं विचारतात. त्या धर्तीवर घ्या.

टापटीप
घोड्यांच्या वॉर्डकडून चार शब्द. घोड्याला लाळ्या-खुरकूत होत नाही, म्हणून परतलेल्या माणसाला 'घोड्यांकडे पाठवा, तिथे चालतं' असं सर्रास होतं. ते चालत नाही.

२००७ चं ऑस्ट्रेलिया आठवा. ईस्टर्न क्रीकच्या विलगीकरण केंद्रात आयात केलेले घोडे होते, त्यांच्यात इक्वाइन इन्फ्लुएन्झा, म्हणजे घोड्यांचा फ्लू होता. तिथून तो बाहेर पडला आणि न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये हजारो तबेल्यांत पोचला. त्याआधी त्या देशात हा रोग नव्हताच, त्यामुळे घोड्यांना लसही नव्हती की प्रतिकारशक्ती. चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा की घोड्यांशी संपर्क आलेल्या माणसाबरोबर किंवा सामानाबरोबर विषाणू बाहेर गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी अंघोळ, कपडे बदलणं, हत्यारं निर्जंतुक करणं यात ढिलाई होती. कुंपण होतं, पहारा होता, कागदावर नियमही होते.

त्यामुळे घोड्यांसाठी वेगळा प्रश्न विचारा: तिकडे घोड्यांच्या शर्यती, स्पर्धा, तबेले, घोडेस्वारी? आजारी घोडा बघितला? खोकणारा किंवा मागच्या पायांत लटपटणारा? मागच्या पायांचं लक्षण ईएचव्ही-१, म्हणजे घोड्यांच्या हर्पीस विषाणूसाठी विचारायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेतून तो कितीतरी देशांत गेला. तो मुख्यतः घोड्यांबरोबर गेला हे खरं, पण लगाम, बादल्या आणि हात हीसुद्धा त्याची वाहनंच. संपर्क असेल तर अंघोळ, सगळे कपडे ताजे, स्वतःचा लगाम-दोरी आणायची नाही, आणि पहिले २-३ दिवस शिंगरं आणि गाभण घोड्या दुसऱ्याकडे. आजारी घोडा हाताळला असेल तर हेही ५ दिवस करा.

धोबीपछाड
कपडे आणि बूट माझ्याकडे. लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

पहिली गोष्ट: परदेशात गोठ्यात घातलेले बूट परत आणूच नका. तिथले गमबूट मागून घ्या, तिथेच ठेवून या. चामड्याचे आणि कापडी बूट निर्जंतुक होत नाहीत, कितीही फवारा. ओल आत जाते, द्रावण आत जात नाही.

गमबूट आणायचेच असतील तर क्रम चुकवू नका. आधी तळाच्या खाचांमधली घाण टोकदार काडीने किंवा खूर साफ करायच्या आकड्याने खरवडायची. मग साबणाच्या पाण्याने ब्रश. मग स्वच्छ पाणी. मग निथळू द्यायचं. शेवटी जंतुनाशक, आणि ते ठरलेला वेळ ओलं राहिलं पाहिजे. लोक चौथी आणि पाचवी पायरी करतात, पहिल्या दोन गाळतात. शेण हेच विषाणूचं चिलखत असतं. शेण लागलेला बूट फूटबाथमध्ये, म्हणजे दारातल्या जंतुनाशकाच्या तबकात, बुडवून काढणं म्हणजे रेनकोटवरून अंघोळ.

कपड्यांना दोन पिशव्या, स्वच्छ आणि मळकी. मळकी तिथेच बांधायची आणि इकडे थेट धुलाई यंत्राच्या तोंडाशी उघडायची. पलंगावर नाही, खुर्चीवर नाही. ६० अंश किंवा जास्त गरम पाणी, भरपूर धुण्याची पावडर, पूर्ण सायकल, आणि नंतर गरम हवेत खडखडीत वाळवणं. 'जलद धुलाई'चं बटण या कामासाठी नाही. धुताना यंत्र गच्च भरू नका, पाणी फिरलं पाहिजे.

सगळ्यात विसरल्या जाणाऱ्या वस्तू: सुटकेसची चाकं, गळ्यातली ओळखपत्राची पट्टी, घड्याळाचा कापडी पट्टा, पाकीट, चष्म्याच्या काड्या, कॅमेऱ्याचा पट्टा, टोपी. दाढी आणि नखांच्या खालची जागा या वस्तू नाहीत, पण यादीत घाला.

उगाच_एक
रेनकोटवरून अंघोळ! वाचनखूण साठवली. आमच्या वसतिगृहात हिवाळ्यात हीच पद्धत होती.

सलाईनची बाटली
कुठलं जंतुनाशक आणि किती? प्रत्येक जण 'जंतुनाशक' म्हणून पुढे जातो. आमच्या कपाटात चार बाटल्या, चारही 'सर्व जंतू मारते' म्हणतात.

प्रयोगशाळेतली पाल
लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला बाहेरचं वेष्टण नाही. त्यामुळे हातावर चोळायचं अल्कोहोल आणि फरशीचं क्वाटर्नरी अमोनियम त्याच्यावर कमजोर पडतात. त्याची खरी दुखरी नस म्हणजे पीएच. ६ च्या खाली किंवा ९ च्या वर गेलं की तो टिकत नाही. म्हणून स्वस्त गोष्टीसुद्धा चालतात:

सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूफूल, ०.२ टक्के: १ लिटरला २ ग्रॅम.
धुण्याचा सोडा ४ टक्के: १ लिटरला ४० ग्रॅम.
विरकॉन एस १ टक्का: १ लिटरला १० ग्रॅम, किमान १० मिनिटं ओलं.

आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाच्या विषाणूला वेष्टण आहे, पण तो रक्तात आणि मांसात चिवट. त्यालाही आधी घाण काढणं आलंच.

नांगरट
धुण्याच्या सोड्यात एक मोठी मेख आहे. ४० ग्रॅम हे निर्जल पावडरीचं माप. बाजारात खडे मिळतात ते पाणी धरलेले असतात, त्यांचं अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचं. खडे असतील तर १ लिटरला साधारण १०८ ग्रॅम घ्यावे लागतात. ४० ग्रॅम खडे टाकले तर द्रावण दीड टक्क्याच्या आसपास, आणि सगळे खूश की नियम पाळला. डब्यावर 'निर्जल' लिहिलंय का ते बघा. अॅल्युमिनियमवर वापरू नका, खातं ते.

सलाईनची बाटली
खाण्याचा सोडा चालेल का? तो तर नेहमी हाताशी असतो.

नांगरट
अजिबात नाही! त्याचा पीएच ८.३ च्या आसपास. विषाणू त्यात निवांत राहील. खाण्याचा सोडा भज्यांना, धुण्याचा सोडा बुटांना.

मांजरमुखी
आणि सगळं एकत्र ओतायचा मोह आवरा. लिंबूफुलाचं द्रावण आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. एक फूटबाथ ब्लीचचा, शेजारचा लिंबूफुलाचा, आणि सफाईवाला दोन्ही एकाच मोरीत ओततो, असा अपघात व्हायला वेळ लागत नाही. एका दारी एकच रसायन. भांड्यावर नाव, तारीख आणि कुणी केलं त्याची सही.

अल्कोहोलबद्दल पाल म्हणाल्या त्याला जोड: कुत्र्यांचा पार्व्हो आणि मांजरांचा कॅलिसी या विषाणूंवरही सॅनिटायझरचा भरवसा नाही. साबण-पाण्याने २० सेकंद हात, आणि पृष्ठभागांना ब्लीच. ५ टक्क्यांच्या ब्लीचचं १:३२, म्हणजे १ लिटर पाण्यात साधारण ३१ मिली, १० मिनिटं, रोज ताजं. उन्हात ठेवलं तर त्याचा जोर जातो.

पिंजरेवाला
ससे आणि पक्षी सगळ्यांनी विसरलेले दिसतात.

सशांच्या रक्तस्रावी रोगाचा विषाणू आरएचडीव्ही२ हा २०१० मध्ये फ्रान्समध्ये सापडला, आता बऱ्याच देशांत आहे. या कुळातला विषाणू कापडावर वाळलेल्या स्थितीत खोलीच्या तापमानाला १०५ दिवस जिवंत मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे इथे ५ दिवस थांबून काही होत नाही. माणूस थांबला तरी त्याचं जॅकेट थांबलेलं नसतं. सशांसाठी दिवस मोजू नका, कपडे मोजा. जे धुतलं नाही ते आत येणार नाही.

पक्ष्यांसाठी वेगळं गणित. कोंबड्यांचे बाजार, शेड, झुंजीचे कोंबडे, रानपक्षी असा संपर्क असेल तर पक्ष्यांपासून ४८ ते ७२ तास ही फार्मवर नेहमी मागितली जाणारी मुदत. आजारी किंवा मेलेले पक्षी हाताळले असतील तर माणसाच्या स्वतःच्या तब्येतीवर शेवटच्या संपर्कापासून १० दिवस नजर: ताप, खोकला, घसा आणि लाल झालेले डोळे. शेवटचं लक्षण लोक 'विमानातली हवा' म्हणून सोडून देतात. दूध देणाऱ्या गाईंशी संपर्क आला तरी हेच, अमेरिकेत २०२४ पासून एच५एन१ (बर्ड फ्लू) गाईंमध्ये आहे. तिथल्या गोठ्यांतली मांजरं कच्चं दूध पिऊन मेली.

मांजरमुखी
ही गोष्ट अधोरेखित करा. 'आमच्याकडे फक्त कुत्री-मांजरं' म्हणून या विषयाला कानाआड टाकणारे खूप आहेत. कुत्र्यांचा एच३एन२ इन्फ्लुएन्झासुद्धा आशियातून आला आणि २०१५ मध्ये शिकागोत उसळला. तो बहुधा कुत्र्यांबरोबर आला, माणसांबरोबर नव्हे, पण तिकडच्या श्वानगृहात काम करून आलेल्या माणसाने त्याच अॅप्रनवर पिल्लांना हात लावावा हे बरं नव्हे.

आणि जे कुठल्याच अर्जात येत नाही ते म्हणजे आतडं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच प्रवाशांच्या मोठ्या अभ्यासात जवळपास ३४ टक्के लोक ईएसबीएल म्हणजे बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू पोटात घेऊन परतले. दक्षिण आशियातून आलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के. निम्म्यांच्या पोटात ते महिनाभर होते, ११ टक्क्यांच्या पोटात वर्षभर. इतके दिवस कुणाला कामावरून दूर ठेवणार? कुणालाच नाही. इथे एकच इलाज: संडासानंतर आणि प्रत्येक जनावराआधी साबणाने हात, आणि जुलाब चालू असेल तोवर शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता वॉर्डात नाही.

टापटीप
+१. डुकरांच्या फार्मवरून आलेल्यांच्या नाकातला एमआरएसए, हाही प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू, याच खात्यात. घोड्यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांत तो शिरला की डोकेदुखी.

गोठेवाला
सगळं ठीक, पण मला एक सांगा. ज्या देशात लाळ्या-खुरकूत आधीच आहे तिथे एवढा खटाटोप कशासाठी? समुद्रात पाऊस पडला काय, न पडला काय.

प्रयोगशाळेतली पाल
गोठेवाला, हा युक्तिवाद नेहमी येतो आणि तो फसवा आहे. 'लाळ्या-खुरकूत' हा एक विषाणू नाही. ओ, ए, सी, एशिया-१, सॅट-१, सॅट-२, सॅट-३ असे सात प्रकार. (सी २००४ नंतर कुठे मिळालेला नाही.) एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही, आणि एकाच प्रकारातही नवी जात आली की लस अपुरी पडू शकते. सॅट प्रकार मुळात आफ्रिकेतले. २०२३ मध्ये सॅट-२ इराक, जॉर्डन, तुर्कीत दिसला, २०२५ मध्ये सॅट-१ इराक, कुवेत, बहारीनमध्ये. तिथे ओ आणि ए आधीपासून होते, तरी नव्या प्रकारापुढे कळप उघडेच पडले. जिथे रोग आहे तिथे नवा प्रकार उशिरा कळतो, कारण सगळे म्हणतात 'नेहमीचाच खुरकूत'.

गोठेवाला
हे पटलं. समुद्र मागे घेतो.

सलाईनची बाटली
आता कडू बोलते. हे सगळे नियम एका गोष्टीवर पडतात: ५ दिवसांचा पगार कोण देणार? बिनपगारी असेल तर अर्जावर सगळे 'हॉटेलातच होतो' लिहितील. रोजंदारीवरच्या परिचराला खरं बोलायची शिक्षा द्यायची आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा करायची.

नियमावळी
शंभर टक्के अनुमोदन. नियमात सरळ लिहा: खरी नोंद केल्याबद्दल रजा कापली जाणार नाही. आणि मुळात 'घरी बसा' म्हणायची वेळ क्वचितच यावी. लाळ्या-खुरकुताच्या ५ दिवसांत तो माणूस, अंघोळ आणि ताजे कपडे या अटीवर, कुत्र्या-मांजरांकडे, औषधांच्या खोलीत, एक्स-रे नोंदी, साठा मोजणी, फोन, लसीकरणाच्या आठवणी पाठवणं, असं बरंच करू शकतो. दोन खुरांच्या जनावरांपासून लांब, बस.

गोठेवाला
तीन माणसांच्या रुग्णालयात 'दुसरीकडे काम द्या' म्हणणं सोपं आहे हो. सकाळी मांजर, दुपारी अडलेली म्हैस, माणूस तोच.

नियमावळी
तिथे परत यायची तारीख आधीच ठरवा. फार्मभेट प्रवासाच्या सुरुवातीला, शहर आणि परिषद शेवटी. प्रवास तोच, खर्च तोच, आणि १२० तास तिकडेच संपतात. रजेच्या अर्जावरच हा प्रश्न ठेवला तर तिकिटं काढायच्या आधी कळतं. आल्यावर विचारलं तर फक्त भांडण होतं.

एक फट मात्र राहते. 'फक्त कुत्री-मांजरं' म्हणून ठेवलेला माणूस संध्याकाळी रक्तदानासाठी ठेवलेल्या शेळीला पाणी पाजायला जातो, किंवा ओपीडीत कुणी पाळीव डुक्कर घेऊन येतं आणि तो पटकन धरायला धावतो. पाळीव मिनी-डुकरं, ठेंगण्या शेळ्या, बाळ हरणं: लहान जनावरांच्या दाराने आत येणारी दोन खुरांची जनावरं दारावरच्या माणसाला सांगून ठेवा.

उगाच_एक
अवांतर: खाऊचं काय? परदेशवारीनंतर चहाच्या खोलीत जे ताट फिरतं ते या नियमात येतं का?

धोबीपछाड
अवांतर कसलं, हा मुख्य प्रश्न आहे! आफ्रिकन स्वाइन फीवर २००७ मध्ये जॉर्जियात पोचला, बहुधा बोटीवरच्या उष्ट्याखरकट्यातून. तिथून रशिया, पूर्व युरोप, २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीन. इतक्या लांबच्या उड्या डुकरांनी पायी मारलेल्या नाहीत, मांसाच्या तुकड्यांनी मारल्या. खारवलेल्या, वाळवलेल्या डुकराच्या मांसात तो विषाणू महिनोन्‌महिने राहतो. ब्रिटनमध्ये २००१ ला जो लाळ्या-खुरकूत आला त्यातही डुकरांना घातलेल्या खरकट्याचाच संशय. ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

म्हणून सॉसेज, सलामी, सुकं मांस, घरगुती चीज आणायचं नाही. चुकून आलंच तर विमानतळावर जाहीर करून टाका. आणि चहाच्या खोलीचं खरकटं कुठल्याही डुकराला नाही, कोंबडीला नाही. चॉकलेट आणा, सगळे सुखी.

पिंजरेवाला
विमानतळावरचा तो श्वान सॉसेज शोधतो तेव्हा आपल्याच व्यवसायबंधूची बॅग निघाली तर लाज कुठे ठेवायची.

टापटीप
अजून दोन गोष्टी, कुणी लिहिल्या नाहीत. एक, जखम. अमेरिकन स्क्रूवर्म माशी मध्य अमेरिकेतून उत्तरेला मेक्सिकोपर्यंत पसरली आहे. ती जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला अंडी घालते, माणसाच्याही, आणि अळ्या जिवंत मांस खातात. त्या भागातून आलेल्याच्या अंगावर भळभळणारी, दुखणारी, वास येणारी जखम असेल तर आधी माणसांचा डॉक्टर, मग गोठा. अळ्या निघाल्या तर चिमट्याने काढून अल्कोहोलात ठेवायच्या, कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जिवंत अळी जमिनीत जाऊन कोषात गेली की माशी तयार.

दोन, गोचीड. पँटच्या शिवणी, मोज्यांचा काठ, बॅगेचे कप्पे. सापडली तर तीही अल्कोहोलच्या बाटलीत, देश आणि तारीख लिहून. चिरडून फेकली तर कुठली होती ते कधीच कळणार नाही.

सलाईनची बाटली
आणि उलटी दिशा. ताप आणि सर्दी घेऊन परतलेला माणूस डुक्कर आणि फेरेट (मुंगसासारखा पाळीव प्राणी) यांच्याजवळ नको. २००९ चा एच१एन१ माणसांकडून कितीतरी डुकरांत गेला. ताप उतरून २४ तास, तोही औषधाशिवाय.

कासरा
सगळ्यांचे आभार. मसुदा बदलतो आहे, असा:

रजेच्या अर्जावर देश, जनावरांचे प्रकार, शेवटच्या संपर्काची तारीख-वेळ. परतल्यावर दारात न येता फोनवर तीच माहिती पुन्हा. दोन खुरांच्या जनावरांशी संपर्क: शेवटच्या संपर्कापासून १२० तास तशा जनावरांपासून, त्यांच्या वॉर्डापासून आणि त्यांच्या चारा-खोलीपासून लांब. पक्षी: ७२ तास. घोडे: अंघोळ, ताजे कपडे, ३ दिवस शिंगरं-गाभण घोड्या नाहीत, आजारी घोडा असेल तर ५. ससे: मुदत नाही, न धुतलेलं काहीही आत नाही. संपर्क शून्य: दुसऱ्या दिवशी कामावर. तिकडे वापरलेले बूट आत नाहीत, कुणाचेही. पगार कापणार नाही.

स्टेथोचं काय लिहू? प्रत्येकाला आपलाच हवा असतो.

मांजरमुखी
स्टेथो नेऊच नका, तिकडचा मागा. नेलाच तर आधी साबणाच्या ओल्या फडक्याने पूर्ण नळी, मग कानातली बोंडं काढून वेगळी, पडद्याची कडी उघडून आतली खाच. तिथे केस आणि मळ साचतो आणि तो कुणी उघडत नाही. मग त्या विषाणूला चालणारं जंतुनाशक ठरलेल्या वेळेपर्यंत, शेवटी स्वच्छ पाण्याचं फडकं. नुसतं अल्कोहोल फिरवून भागणार नाही, शिवाय रोज अल्कोहोल लावला की नळी कडक होऊन तडकते. कापडी आवरण चढवलेला असेल तर आवरण धुवायला किंवा कचऱ्यात.

धोबीपछाड
फोनला गोठ्यात जातानाच पातळ झिप पिशवीत घालायचा. पडदा पिशवीतूनही चालतो. बाहेर येताना पिशवी तिथल्याच कचऱ्यात. हे न करणारा नंतर चार्जिंगच्या भोकात कापूस घालत बसतो. सोनोग्राफीचा प्रोब आणि त्याची वायरही तशीच. प्रोब सगळे पुसतात, शेणात लोळलेली वायर कुणी पुसत नाही.

नांगरट
कासरा, मोठ्या जनावरांच्या दाराशी फूटबाथ ठेवणार असाल तर मसुद्यात तो बदलणाऱ्याचं नावही लिहा. विरकॉनचं द्रावण स्वच्छ राहिलं तर आठवडाभर चालतं, पण फूटबाथमध्ये ते स्वच्छ राहत नाही. रोज सकाळी नवं, आणि गढूळ दिसलं की मध्येच. गुलाबी रंग उतरला म्हणजे संपलं. पावसात उघड्यावर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी उरतं. आणि शेजारी ब्रश आणि नळ नसेल तर ठेवूच नका, लोक पाय बुडवून समाधानाने आत जातात.

कासरा
ब्रश आणि नळ दोन्ही आहेत. नळाला पाणी सकाळी नऊनंतर येतं.

नांगरट
मग वीस लिटरचा झाकणाचा डबा आणि तोटी. रात्रीच भरून ठेवायचा, आणि हे काम कुणाचं तेही कागदावर.